नव्या इमेजच्या सर्व्हरवर कॉन्फिगरेशन आपोआप: स्क्रिप्ट, क्लाउड-इनिट, अ‍ॅन्सिबल की एजंट?

इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्राम आधीच बसवलेल्या डिस्कची प्रत, तयार केली, तपासली, साठवून ठेवली. दोन महिन्यांनी तिच्यावरून नवा सर्व्हर उभा केला, तर त्यातली पॅकेजेस दोन महिने जुनी असतात, डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता मधल्या काळात बदललेला असतो, आणि टीम सोडून गेलेल्या माणसाची एसएसएच की (दुरून लॉगिन करायची किल्ली) अजून आतच असते. मग कोणीतरी लॉगिन करून पाच-सात गोष्टी हाताने बदलतो. एक-दोन सर्व्हर आहेत तोवर हे खपून जाते. संख्या वाढली की प्रत्येक मशीन थोडे थोडे वेगळे होत जाते, आणि बिघाड झाला की ‘या मशीनवर नेमके आहे तरी काय’ हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

हे आपोआप करून घ्यायचे ठरवले की साधनांच्या नावांची रांगच समोर येते, आणि बरेच जण त्यातले लोकप्रिय कोणते ते आधी पाहतात. मी आधी काम पाहा म्हणेन. नव्या सर्व्हरवर दोन निराळी कामे असतात. पहिले, त्याला स्वतःची ओळख देणे: होस्टनेम, नेटवर्क, स्वतःच्या की, आणि पुढच्या सूचना कुठून घ्यायच्या तो पत्ता. हे आयुष्यात एकदाच होते. दुसरे, सेटिंग्ज आज जशा हव्यात तशा आहेत ना ते पाहत राहणे आणि नसतील तर सुधारणे. हे सर्व्हर मोडीत निघेपर्यंत चालते. ज्या साधनाला पहिले काम छान जमते त्याला दुसरे जमेलच असे नाही, आणि एकाच स्क्रिप्टवर दोन्ही ओझी टाकली की घोळ सुरू होतात. पुढची तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

साधन कोणतेही असो, आधी इमेज साफ करा

लिनक्समध्ये ईटीसी फोल्डरात मशीन-आयडी नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात ३२ हेक्स अंकांचा एक क्रमांक असतो. चालत्या मशीनवरून इमेज काढली आणि ही फाइल तशीच राहिली, तर त्या इमेजवरून उभे राहणारे सगळे सर्व्हर एकच क्रमांक घेऊन येतात. सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा मूळ प्रोग्राम) याचा नेटवर्क भाग डीएचसीपीला (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला) सांगायची स्वतःची ओळख याच क्रमांकावरून बनवतो. त्यामुळे नेटवर्क कार्डांचे मॅक पत्ते वेगळे असूनही डीएचसीपी सर्व्हरला दोन मशीन एकच वाटतात आणि तो दोघांना एकच आयपी देऊन मोकळा होतो. हा बिघाड पहिल्यांदा पाहणारा माणूस स्विच, व्हीलॅन, केबल सगळे पालथे घालतो आणि या फाइलपर्यंत शेवटी पोहोचतो.

इथे एक बारकावा आहे. ही फाइल रिकामी ठेवली तर पुढच्या बूटला नवा क्रमांक बनतो, पण सिस्टमडी तो ‘पहिला बूट’ मानत नाही. पहिल्या बूटच्या अटीवर चालणारी सर्व्हिस तुम्ही लिहिली असेल, तर ती गुपचूप चालायचीच राहून जाते. तिला चालवायचे असेल तर फाइल नसावी, किंवा तिच्यात ‘अनइनिशियलाइज्ड’ हा एकच शब्द असावा.

एसएसएचच्या होस्ट की, म्हणजे सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, इमेजमधून काढाच. त्या सगळीकडे सारख्या राहिल्या, तर एका सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस उरलेल्या सगळ्यांची सोंगे घेऊ शकतो. मात्र काढल्यावर त्या परत कोण बनवणार, तेही पाहून ठेवा. रेड हॅटच्या घराण्यात बूटच्या वेळी चालणारी सर्व्हिस त्या बनवते. डेबियन आणि उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत मात्र त्या पॅकेज बसवतानाच बनतात. तिथे क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला सेटिंग्ज करणारे साधन, त्याबद्दल पुढे) नसेल आणि तुम्ही की पुसून टाकल्या असतील, तर एसएसएच सर्व्हिस उठतच नाही आणि तुम्ही बाहेर अडकता.

एजंट, म्हणजे सर्व्हरवर राहून मध्यवर्ती ‘मास्टर’कडून सूचना घेणारा प्रोग्राम, आधीच इमेजमध्ये बसवला असेल तर त्याचीही ओळख पुसावी लागते. सॉल्ट या साधनाचा एजंट, ‘मिनियन’, आपले नाव एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती इमेजमध्ये राहिली की दहा सर्व्हर एकाच नावाने मास्टरसमोर हजर होतात. विंडोजमध्ये हेच काम सिसप्रेप या साधनाच्या ‘जनरलाइज’ पर्यायाने होते. ‘एसआयडी (मशीनचे सुरक्षा-क्रमांक) सारखे राहिले तरी चालते’ असे विंडोजच्या जगात बरीच वर्षे बोलले जाई. २०२५ मधल्या अपडेट्सनंतर विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ यांवर सारख्या एसआयडीच्या मशीन एकमेकांशी बोलताना केर्बरॉस आणि एनटीएलएमच्या ओळख-तपासणीत नापास होऊ लागल्या, तेव्हा तो विषय संपला.

स्वतःची शेल स्क्रिप्ट

सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. सिस्टमडीची एक वनशॉट (एकदा चालून संपणारी) सर्व्हिस, तिच्यात एक स्क्रिप्ट, आणि काम झाले की खुणेची फाइल ठेवायची. खूण असेल तर सर्व्हिसने पुन्हा चालायचे नाही. काहीही नवे बसवावे लागत नाही आणि कोणालाही वाचून समजते. सर्व्हर मोजके असतील आणि बदल क्वचित होत असतील, तर याहून मोठे साधन म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पण ही स्क्रिप्ट वाटते तितकी सोपी नसते. उबुंटूवर नवे मशीन बूट झाले की थोड्याच वेळात त्याचे स्वतःचे रोजचे अपडेट सुरू होऊ शकते आणि ते पॅकेज डेटाबेसचे कुलूप धरून बसते. तुमची स्क्रिप्ट त्याच क्षणी पॅकेज बसवायला गेली की ‘कुलूप मिळाले नाही’ म्हणून पडते. दहा सर्व्हरपैकी सात नीट होतात, तीन होत नाहीत, आणि पुन्हा चालवून पाहिले तर तेही होतात. अशा बिघाडाचा माग काढणे फार चिकट काम आहे. उपाय साधा आहे: एपीटीला (उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला) कुलुपासाठी थांबायची मुदत द्या, समजा ३०० सेकंद.

दुसरा खड्डा याच्या शेजारीच आहे. डेबियनचा फ्रंटएंड (पॅकेजचे प्रश्न विचारणारा भाग) ‘नॉन-इंटरॅक्टिव्ह’ केला की काही विचारले जाणार नाही, अशी समजूत असते. तो पर्याय पॅकेजच्या स्वतःच्या प्रश्नांपुरता आहे. बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइलचे काय करायचे, जुनी ठेवू की नवी घेऊ, हा प्रश्न डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम) स्वतः विचारतो, आणि त्याचे उत्तर वेगळ्या पर्यायाने आधीच द्यावे लागते. ते दिले नाही तर अपडेट अर्ध्यावरच लटकते.

स्क्रिप्ट लिहिताना एक शिस्त पाळा: ती कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच यावा. फाइलच्या शेवटी ओळ जोडणारी स्क्रिप्ट तीनदा चालली की तीन ओळी होतात. त्यापेक्षा ड्रॉप-इन फोल्डरात (ज्यातल्या फाइली मुख्य कॉन्फिगरेशनला जोडून वाचल्या जातात) पूर्ण फाइल लिहा आणि दर वेळी तीच बदला. तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. एसएसएच सर्व्हरचा नियम असा की एखाद्या सेटिंगची जी किंमत आधी वाचली ती धरायची, नंतरची सोडून द्यायची. उबुंटूच्या क्लाउड इमेजवर क्लाउड-इनिटने ठेवलेली ५० क्रमांकाची फाइल सापडू शकते. तिच्यात पासवर्डने लॉगिन चालू असेल आणि तुम्ही ६० क्रमांकाच्या फाइलमध्ये ते बंद केले असेल, तर तुमची ओळ निष्फळ ठरते. फाइल जागेवर, मजकूर बरोबर, सर्व्हिस रीस्टार्ट झालेली, आणि दार उघडेच! म्हणून फाइल लिहिली एवढ्यावर समाधान मानू नका. एसएसएचडीला (एसएसएच सर्व्हरच्या प्रोग्रामला) ‘टी’ पर्याय देऊन पाहा. लहान टी फाइलच्या मांडणीतली चूक सांगतो, मोठा टी प्रत्यक्षात लागू असलेल्या किमती छापतो. स्क्रिप्टने तो मोठ्या टीचा निकाल तपासूनच पुढे जावे.

घड्याळाचेही आधी पाहा. बराच काळ पडून असलेल्या मशीनची वेळ चुकलेली असली की टीएलएस प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ किंवा ‘मुदत संपली’ म्हणते आणि रेपोपर्यंत (पॅकेजच्या भांडारापर्यंत) पोहोचताच येत नाही. पहिले काम वेळ जुळवणे, बाकी सगळे मग.

पहिल्या बूटचे काम स्वतःच्या स्क्रिप्टला झकास जमते. ‘पाहत राहण्याचे’ काम मात्र तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. टायमर लावून ती दर अर्ध्या तासाने चालवता येते, पण काय बदलले, काय बदलणार होते, कुठे अडले हे सगळे तुम्हालाच लिहावे लागते. हळूहळू तुम्ही स्वतःचेच एक अर्धवट अ‍ॅन्सिबल लिहीत बसता.

क्लाउड-इनिट

उबुंटूच्या घरात सुरू झालेले हे साधन आज जवळपास सगळ्या मोठ्या क्लाउडच्या लिनक्स इमेजमध्ये आधीपासून असते. स्वतःच्या हार्डवेअरवरही चालते: ‘सीआयडेटा’ नावाची एक छोटी डिस्क जोडायची, तिच्यात यूजर-डेटा (सूचना) आणि मेटा-डेटा (मशीनची ओळख) या दोन फाइली ठेवायच्या, झाले. होस्टनेम, यूजर, की, डिस्कचे विभाजन, पहिली पॅकेजेस यांसाठी शेल स्क्रिप्टपेक्षा मी हेच घेईन. या सगळ्या गोष्टींचे कंगोरे इतरांनी आधीच घासून दिलेले आहेत.

त्याच्या मर्यादा मात्र नीट समजून घ्या. क्लाउड-इनिट मशीन ओळखते ते इन्स्टन्स-आयडीवरून. आयडी नवा असेल तर पहिल्या बूटची कामे करते, तोच असेल तर सोडून देते. स्वतःच्या हार्डवेअरवर मेटा-डेटाची तीच फाइल कॉपी करून वापरणाऱ्यांची इथे फसगत होते: क्लोन केलेले मशीन स्वतःला जुनेच समजते आणि काहीच करत नाही. इमेज काढण्याआधी क्लाउड-इनिटची ‘क्लीन’ आज्ञा लॉग आणि मशीन-आयडी या दोन्ही पर्यायांसह चालवा, आणि प्रत्येक सर्व्हरला नवा इन्स्टन्स-आयडी द्या.

त्याचे टप्पेही ठरलेले आहेत: स्थानिक, नेटवर्क, कॉन्फिग आणि अंतिम. फाइली लिहिण्याचे काम लवकर होते, पॅकेजेस बसतात शेवटच्या टप्प्यात. एखाद्या पॅकेजमुळे तयार होणाऱ्या यूजरच्या मालकीची फाइल लिहायला सांगितली, तर तेव्हा तो यूजर अस्तित्वातच नसतो आणि काम फसते. ‘डिफर’ पर्याय याचसाठी आहे. यूजर-डेटाची पहिली ओळ हॅशने (#) सुरू होणारी ‘क्लाउड-कॉन्फिग’ हीच हवी. तिच्यात एक मोकळी जागा घुसली तरी पुढचे सगळे दुर्लक्षित होते. यॅमल मांडणीतली ही फाइल पाठवण्याआधी क्लाउड-इनिटचीच ‘स्कीमा’ आज्ञा चालवून घ्या. आणि ॲमेझॉनच्या ईसी२ या क्लाउड सेवेवर यूजर-डेटाला १६ केबीची मर्यादा आहे, तेव्हा सगळा संसार त्यात कोंबता येत नाही.

सगळ्यात मोठी मर्यादा अशी की चालू असलेल्या पन्नास सर्व्हरचा यूजर-डेटा आज बदलला तरी त्यांच्यावर काहीही होत नाही. हे ओळख देण्याचे साधन आहे. त्याने दुसऱ्या कामाला हातच घालू नये, अशा बेताने त्याची फाइल छोटी ठेवा.

अ‍ॅन्सिबल: ढकलायचे की ओढायचे?

खरी निवड इथे आहे, म्हणून इथे जास्त थांबतो. अ‍ॅन्सिबल २०१२ साली आले आणि २०१५ मध्ये रेड हॅटने ते घेतले. समोरच्या सर्व्हरवर एसएसएच आणि पायथन असले की बहुतेक कामांना एवढे पुरते. प्लेबुक (काय कसे हवे ते लिहिलेली फाइल) वाचायला सोपे, ‘चेक’ आणि ‘डिफ’ पर्यायांनी काय बदलणार ते आधी दिसते, आणि कितीही वेळा चालवा, निकाल तोच, ही शिस्त बहुतेक मॉड्यूलमध्ये आधीपासून आहे.

नेहमीची पद्धत ढकलण्याची. एका मध्यवर्ती मशीनवरून प्लेबुक चालते आणि एसएसएचने सगळीकडे जाते. नव्या इमेजच्या सर्व्हरसाठी यात पहिली अडचण अशी की सर्व्हर जन्माला आला हे मध्यवर्ती मशीनला सांगणार कोण? इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी) क्लाउडकडून किंवा मालमत्तेच्या नोंदीतून आपोआप तयार होत असेल तर ठीक, नाहीतर ती यादी हाताने भरावी लागते आणि ‘आपोआप’ हा शब्द तिथेच गळतो. दुसरी अडचण होस्ट कीची. त्याच पत्त्यावर इमेज पुन्हा टाकली की होस्ट की बदलते, अ‍ॅन्सिबल जोडणी नाकारते, आणि वैतागून लोक ती तपासणीच बंद करून टाकतात. तसे करू नका. होस्ट कीवर स्वतःच्या प्रमाणपत्र-अधिकाऱ्याची सही घेण्याची सोय एसएसएचमध्ये आहे. तिच्यावर एकदा कष्ट घेतले की हा त्रास कायमचा जातो. तिसरी, एका वेळी किती मशीन हाताळायच्या याची मूळ सेटिंग अवघी ५ आहे. दोनशे सर्व्हरवर ती न बदलता चालवले तर रटाळ वेळ लागतो, आणि त्यातला जो सर्व्हर त्या वेळी बंद असेल तो तसाच सुटतो.

ओढण्याची पद्धत उलटी. प्रत्येक सर्व्हरवर टायमर असतो, तो अ‍ॅन्सिबल-पुल चालवतो, गिट रेपोमधून (बदलांची नोंद ठेवणाऱ्या भांडारातून) ताजे प्लेबुक आणतो आणि स्वतःवरच लागू करतो. सर्व्हर जन्मला की तो आपण होऊन कामाला लागतो, कोणाला कळवावे लागत नाही. बंद असलेला सर्व्हर चालू झाला की स्वतःच जुळवून घेतो. बाहेरून आत एसएसएचचे दार उघडे ठेवावे लागत नाही. नव्या इमेजच्या कामाला ही पद्धत जास्त बसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिची किंमतही मोजावी लागते. ढकलताना ‘सीरियल’ वापरून आधी दोन सर्व्हर, मग दहा, मग उरलेले असे जाता येते, आणि ठरवलेल्या टक्क्यांहून जास्त पडले तर काम तिथेच थांबते. ओढताना चुकीची कमिट (रेपोत नोंदवलेला बदल) मुख्य शाखेत गेली की पुढच्या फेरीत ती सगळीकडे पोहोचलेली असते. म्हणून सर्व्हरनी मुख्य शाखेवरून ओढू नये. दोन शाखा ठेवा: थोडे चाचणीचे सर्व्हर पुढच्या शाखेवर, बाकीचे स्थिर शाखेवर, आणि स्थिर शाखा माणसाने पाहूनच पुढे सरकवायची. अ‍ॅन्सिबल-पुलमध्ये कमिटवरची सही तपासण्याचा पर्याय आहे, तोही लावा. रेपोमध्ये लिहू शकणारा माणूस इथे सगळ्या सर्व्हरचा रूट (सर्वाधिकारी) असतो.

‘रेपो बदलला असेल तरच चालव’ हा त्याचा पर्याय पाहताक्षणी आवडतो. मला तो धोक्याचा वाटतो. फेरी अर्ध्यात पडली तर पुढच्या वेळी रेपो बदललेला नसतो, त्यामुळे अ‍ॅन्सिबल काहीच करत नाही, आणि सर्व्हर अर्धवट अवस्थेत शांतपणे पडून राहतो. शिवाय कोणी हाताने काही बदलले तर तेही दुरुस्त होत नाही. दर वेळी पूर्ण चालू द्या. टायमरला मात्र यादृच्छिक उशीर द्या, म्हणजे तीनशे सर्व्हर एकाच सेकंदाला गिटवर तुटून पडणार नाहीत.

ओढण्याच्या पद्धतीत मध्यवर्ती अहवाल मिळत नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी ‘यशस्वी’ ही वेळ मॉनिटरिंगला पाठवा आणि इशारा चुकीवर न लावता त्या वेळेच्या वयावर लावा. ज्या सर्व्हरवर टायमरच मेला आहे तो चूक कळवणार तरी कसा? त्याचे गप्प बसणे हीच एकमेव खूण असते.

एजंट: पपेट, शेफ, सॉल्ट

पपेट २००५ चे, शेफ २००९ चे, सॉल्ट २०११ चे. तिघांची रचना सारखी: सर्व्हरवर एजंट आणि मध्यभागी मास्टर. पपेटचा एजंट मूळ सेटिंगनुसार दर ३० मिनिटांनी मास्टरकडून आपला कॅटलॉग (हव्या त्या सेटिंग्जची यादी) आणतो आणि फरक दुरुस्त करतो. दुसऱ्या कामासाठी, म्हणजे अवस्था टिकवून धरण्यासाठी, याहून पक्के काही नाही. कोणत्या दिवशी कोणत्या सर्व्हरवर काय बदलले याची नोंद लेखापरीक्षणाला दाखवावी लागत असेल, तर पपेटचे अहवाल अ‍ॅन्सिबल-पुलच्या घरगुती व्यवस्थेपेक्षा कितीतरी पुढे आहेत.

नव्या इमेजच्या बाबतीत मात्र इथे उंबरठ्यावरच अडते. पपेटच्या एजंटला मास्टरकडून प्रमाणपत्रावर सही हवी असते. त्याच नावाचा सर्व्हर पुन्हा इमेज केला की एजंट नवी की बनवतो, मास्टरकडे जुन्या कीचे प्रमाणपत्र असते, आणि ते साफ करेपर्यंत एजंटला दार बंद. आपोआप सही करायची सोय आहे, पण सरसकट सगळ्यांना सही देणे म्हणजे नेटवर्कवरच्या कोणालाही आपले कॉन्फिगरेशन वाचू देणे. धोरणावर चालणारी स्वयंसही वापरा: विनंतीसोबत आलेले एकदाच चालणारे टोकन एका छोट्या प्रोग्रामने तपासायचे आणि मगच सही.

सॉल्ट वेगवान आहे. हजारो मशीनना एका क्षणात आज्ञा देता येते. पण मास्टरचे ४५०५ आणि ४५०६ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नका. २०२० मध्ये त्यातल्या एका त्रुटीमुळे ओळखीशिवाय मास्टरवर रूट म्हणून आज्ञा चालवता येत होत्या, आणि तिचा गैरवापर प्रत्यक्षात झाला. मास्टर पडला की सगळे पडले, हे या पद्धतीचे कायमचे ओझे आहे.

शेफबद्दल थोडक्यात: रुबी येणारी माणसे टीममध्ये असतील तर विचार करा, नाहीतर नव्याने सुरुवात करताना मी तिकडे जाणार नाही.

सगळे इमेजमध्येच भरून ठेवले तर?

पॅकरसारख्या इमेज बनवणाऱ्या साधनाने प्रत्येक बदलाला नवी इमेज बनवायची आणि जुने सर्व्हर फेकून द्यायचे, हीही एक विचारसरणी आहे. भार वाढला की मिनिटाभरात वीस सर्व्हर उभे करायचे असतील आणि त्यांच्यावर स्वतःचा डेटा नसेल, तर हाच मार्ग बरोबर आहे. तिथे बूटनंतर दहा मिनिटे पॅकेजेस बसवत राहणे परवडत नाही. डेटाबेस सर्व्हर किंवा कपाटातले खरे हार्डवेअर यांना तो झेपत नाही. बाकी कोणासाठीही जड, सहसा न बदलणाऱ्या गोष्टी इमेजमध्ये आणि हलक्या, बदलत्या गोष्टी बाहेर, ही वाटणी पुरते.

विंडोज सर्व्हरचे वेगळे आहे

सिसप्रेप केलेल्या इमेजवर पहिल्या बूटला काम करवून घ्यायच्या दोन जागा आहेत. सेटअपच्या प्रश्नांची उत्तरे आधीच देणाऱ्या अनअटेंड फाइलचा ‘स्पेशलाइज’ टप्पा, आणि विंडोज फोल्डरातली सेटअपकम्प्लीट ही कमांड फाइल. दुसरी सेटअप संपल्यावर, कोणी लॉगिन करण्याआधी, सिस्टम खात्याने चालते. ‘पहिल्या लॉगिनच्या आज्ञा’ नावाचा तिसरा पर्याय आहे, पण सर्व्हरवर लॉगिन करणारच कोण? तो सोडा.

सेटअपकम्प्लीटचे दोन नियम लक्षात ठेवा. तिच्यातली आज्ञा फसली तरी सेटअप परतीचा कोड पाहत नाही, पुढे जातो. आणि मध्येच रीबूट केले तर ती पुढे चालू होत नाही. म्हणून तिच्यात एकच काम ठेवा: स्टार्टअपला चालणारे एक शेड्यूल्ड टास्क नोंदवणे. खरे काम त्या टास्कमधल्या पॉवरशेल स्क्रिप्टने करावे, टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याची खूण ठेवत, रीबूट झाला तरी पुढे चालू राहील असे.

पुढच्या देखभालीसाठी डोमेनमधल्या सर्व्हरना ग्रुप पॉलिसी (एका जागेवरून सगळ्यांना सेटिंग्ज लावायची सोय) हे हाताशी असलेले आणि मजबूत साधन आहे. बऱ्याच ठिकाणी तेवढेच पुरते. पॉवरशेल डीएससी (हवी ती अवस्था लिहून ती लागू करण्याची सोय) २०१३ मध्ये पॉवरशेल ४ सोबत आले. त्याच्या व्यवस्थापकाची मूळ वृत्ती ‘लागू कर आणि लक्ष ठेव’ अशी आहे: बदल झालेला दिसला तर तो लॉगमध्ये लिहितो, सुधारत नाही. आपोआप सुधारणा हवी असेल तर ती वृत्ती मुद्दाम बदलावी लागते. २०२५ मध्ये आलेल्या डीएससी ३ मध्ये हा व्यवस्थापकच नाही. कधी चालवायचे ते बाहेरून ठरवावे लागते. नवी उभारणी करणाऱ्याने जुने लेख वाचताना कोणत्या आवृत्तीबद्दल ते बोलत आहेत हे आधी पाहावे.

तर कोणी काय घ्यावे?

लिनक्सचे वीसपर्यंत सर्व्हर, एक-दोन माणसे: क्लाउड-इनिटने ओळख, आणि साध्या अ‍ॅन्सिबलने ढकलणे. इन्व्हेंटरी हाताने ठेवली तरी चालेल. वीस ते दोन-तीनशे, किंवा संख्या कमी पण सर्व्हर दूरदूर पसरलेले आणि अधूनमधून बंद असणारे: क्लाउड-इनिट किंवा छोटी स्क्रिप्ट फक्त अ‍ॅन्सिबल-पुलचा टायमर बसवेल, पुढचे सगळे रेपोतून. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, दगडावरची रेघ नव्हे. त्यापुढे, किंवा लेखापरीक्षण कडक असेल तर, पपेटसारखा एजंट घ्या आणि मास्टरची काळजी घेणारा माणूस आधी नेमा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर अ‍ॅन्सिबलने दोन्ही सांभाळता येते, विंडोजवर मात्र ढकलूनच.

एका गोष्टीमुळे हा सगळा हिशोब फिरू शकतो, ती म्हणजे गुपिते: पासवर्ड आणि की. ओढण्याच्या पद्धतीत रेपोतली गुपिते अ‍ॅन्सिबल व्हॉल्टने बंद केली, तर ती उघडायचा पासवर्ड प्रत्येक सर्व्हरवर ठेवावा लागतो. म्हणजे वेबसर्व्हरमध्ये शिरलेला माणूस डेटाबेसचा पासवर्डही उघडू शकतो. पपेटचा मास्टर प्रत्येक नोडला फक्त त्याचाच कॅटलॉग देतो, सॉल्टचे पिलर (प्रत्येक मिनियनपुरता खासगी डेटा) हेही तसेच, त्यामुळे तिथे ही गळती होत नाही. अ‍ॅन्सिबल-पुलवर राहायचे असेल तर गुपिते रेपोबाहेर, वेगळ्या गुपित-भांडारात ठेवा आणि प्रत्येक सर्व्हरला त्याच्या ओळखीवर त्याच्यापुरतीच द्या. ते जमणार नसेल तर एजंटकडे वळा, सर्व्हर कमी असले तरीही. यूजर-डेटामध्ये पासवर्ड कधीच नको. क्लाउडच्या १६९.२५४.१६९.२५४ या मेटा-डेटाच्या पत्त्यावरून तो मशीनवरच्या साध्या प्रोग्रामलाही बहुधा वाचता येतो.

आणि निवड काहीही करा, सर्व्हर ‘तयार’ आहे हे कोण ठरवणार ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पिंगला उत्तर देणारा सर्व्हर तयार असतोच असे नाही. क्लाउड-इनिटला संपेपर्यंत थांबून स्थिती सांगायला लावा, मग पहिली पूर्ण फेरी होऊ द्या, मग लागू असलेल्या सेटिंग्ज वाचून जुळवा, आणि हे तिन्ही पार पडल्यावरच खुणेची फाइल ठेवा. लोड बॅलन्सरची (सर्व्हरमध्ये भार वाटणाऱ्या यंत्रणेची) आरोग्य-तपासणी त्या फाइलवर बांधा. दर आठवड्याला एक सर्व्हर इमेजवरून नव्याने उभा करून ही सगळी साखळी माणसाच्या हाताशिवाय पूर्ण होते का ते पाहा. जिथे हात लावावा लागला ती पायरी त्याच दिवशी रेपोमध्ये गेली पाहिजे.